‘कसा होता?’च्या पुढचा प्रश्न

(सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बाज तसाच ठेवला आहे. व्याख्यानात ‘कोर्ट’, ‘फँड्री’, ‘सैराट’ आणि ‘धडक’ या चित्रपटांच्या शेवटांची चर्चा आहे. ज्यांना ते अजून बघायचे आहेत त्यांनी बेतानं वाचावं.)



मला एक वाईट सवय आहे, ती आधी कबूल करतो. सिनेमा संपला की मी लगेच गाडीकडे जात नाही. जिन्यापाशी चपलेचा बंद नीट करत असल्यासारखा वाकून उभा राहतो आणि उतरणाऱ्या लोकांचं बोलणं ऐकतो. (हशा) हसू नका, तुमच्यापैकी काहींचंही ऐकलेलं असणार.

त्या जिन्यावर काय ऐकू येतं? ‘बरा होता.’ ‘फारच संथ.’ ‘शेवट नाही पटला.’ ‘पैसे वसूल.’ ‘रडवलं राव.’ ‘एकदा बघायला हरकत नाही.’ ‘पहिला हाफ भारी, नंतर ताणलाय.’ सोमवारी ऑफिसात कुणी विचारतं, ‘कसा होता?’ आणि यातलं एखादं वाक्य तिथे जातं. तिथून ते दुसऱ्याच्या घरी, तिसऱ्याच्या फोनवर. सिनेमा बघून तीन दिवस झालेले असतात, त्याबद्दलचं आपलं बोलणं तीन शब्दांत संपलेलं असतं.

आम्ही समीक्षक मंडळी या वाक्यांना हसतो. मीही हसलोय. एका जिल्हा दैनिकात मी नऊ वर्षं दर शनिवारी सिनेमावर लिहायचो. शेवटी साडेतीन नाहीतर चार तारे द्यायचे, ती तर संपादकांची अटच होती. आता जुनी कात्रणं काढून वाचली की लक्षात येतं, मी वेगळं काही करत नव्हतो. लोक म्हणायचे ‘संथ’, मी लिहायचो ‘स्वतःची लय सांभाळत जाणारा’. लोक म्हणायचे ‘कळला नाही’, मी लिहायचो ‘बहुपदरी’. (हशा) मत तेच, फक्त इस्त्री केलेलं.

म्हणून आज मला या साध्या, सहज दिलेल्या मतांची बाजू मांडायची आहे. बाजू मांडून झाली की मी त्यांची उलटतपासणीही घेणार आहे. कारण ‘प्रत्येकाचं आपापलं मत असतं’ असं म्हणून सगळ्यांना घरी सोडणं मला आता जमत नाही. का जमत नाही, ते पुढे सांगतो.

सुरुवात ‘संथ’पासून करू.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथे पुरस्कार मिळाले, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे थिएटरांत लागला. नारायण कांबळे नावाचा एक वयस्कर लोकशाहीर. त्याच्यावर आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. खटला उभा राहतो आणि तारखा पडत राहतात. कॅमेरा जागचा हलत नाही. माणसं चौकटीतून निघून गेली तरी तो तिथेच थांबून असतो. वकीलबाई जुन्या कायद्यातली कलमं एका सुरात वाचत राहतात आणि आपण ऐकत राहतो.

आमच्या गावच्या थिएटरात त्याचे जेमतेम काही खेळ झाले. मी आत्याला घेऊन गेलो होतो. आत्याचं वय तेव्हा बाहत्तर. पुरस्कार वगैरे तिला काही सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर विचारलं, ‘कसा वाटला गं?’ ती म्हणाली, ‘संथ आहे रे.’ मी मनातल्या मनात म्हटलं, झालं. पुढे काही विचारलं नाही. पुरस्कारप्राप्त सिनेमा आणि सामान्य प्रेक्षक यांच्यातल्या दरीवर मी त्या आठवड्यात एक परिच्छेदही पाडला.

दोन महिन्यांनी दिवसकार्याला सगळे जमले होते, तेव्हा आत्या कुणाला तरी त्याच सिनेमाबद्दल सांगताना दिसली. ती म्हणत होती, ‘अगदी तस्संच आहे. आपण सकाळी सातची एसटी धरून जायचं, बाकावर बसायचं, नाव पुकारलं की उभं राहायचं, पुढची तारीख घेऊन परत यायचं. त्यांनी तेवढं बरोब्बर दाखवलंय.’ मला माहीत होतं, पण माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की आत्याचा जमिनीचा दावा चौदा वर्षं चालला होता. तिच्या तोंडी ‘संथ’ ही तक्रार नव्हतीच. ती साक्ष होती. सिनेमाने कोर्टाचा वेळ खरा दाखवला, असं ती मला सांगत होती आणि मी ते ‘कंटाळवाणा’ असं ऐकलं.

मग मी तिला पहिल्यांदा नीट विचारलं, ‘कुठे संथ वाटला?’ ती म्हणाली, ‘शेवटी, दिवे घालवतात तिथे.’ तुम्ही पाहिला असेल तर आठवेल. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, खोली रिकामी होते, शिपाई एकेक दिवा बंद करतो आणि अंधार होतो. आपल्याला वाटतं, संपला सिनेमा. आत्या म्हणाली, ‘तो माणूस आत आहे आणि हे सुट्टीवर चाललेत. तेव्हा मला वाटलं, आता तरी कुणीतरी घाई करा रे.’

बघा, या एका वाक्यात ‘कोर्ट’ची सगळी समीक्षा आहे. त्यातला प्रत्येक लांबलेला क्षण आपल्याला एकच गोष्ट जाणवून देतो: वेळ सगळ्यांसाठी सारखा नसतो. सरकारी वकीलबाई संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक करतात, मुलाला सांभाळतात, सुट्टीच्या दिवशी नाटकाला जातात. सहकाऱ्यांशी गप्पा मारताना त्या सहज म्हणतात की या माणसाला एकदाची वीस वर्षं देऊन मोकळं व्हावं. त्या दुष्ट नाहीत, कंटाळलेल्या आहेत. त्यांच्या कंटाळ्याची किंमत मात्र दुसऱ्या माणसाच्या आयुष्यातून वळती होते. आता प्रेक्षक म्हणून आपल्यालाही तिथे कंटाळा आला असेल, तर तो नेमका कोणाचा कंटाळा होता? वकीलबाईंचा, की कांबळेंचा? ‘कुठे’ असं विचारल्याशिवाय हे कळत नाही.

याउलट, ‘संथ’ हा शब्द कधीकधी अगदी खरी तक्रारही असतो. दिग्दर्शकाकडे सांगायला काही नाही म्हणून खिडकीबाहेरचा पाऊस चार मिनिटं दाखवलाय, असेही सिनेमे असतात. तिथे संथ म्हणजे संथच. शब्द एकच; एका ठिकाणी तो गुण सांगतो, दुसऱ्या ठिकाणी दोष. फरक जागेवरून कळतो.

दुसरं मत घेऊ. ‘अगदी आपल्या घरातलंच दाखवलंय.’ हल्ली तरुण मुलं म्हणतात, ‘फुल रिलेट झालं.’

केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ जून २०२३च्या शेवटी आला. सहा बहिणी, एकमेकींपासून दुरावलेल्या, मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. तुम्हाला आठवत असेल, बायका घोळक्यांनी गेल्या. नऊवारी नेसून, गॉगल लावून, भिशीचे ग्रुपच्या ग्रुप. मला स्वतःला हा सिनेमा ठीकठाक वाटला. प्रसंग मालिकेसारखे सुटे सुटे येतात, प्रत्येकीचं दुःख संवादात सांगून टाकलंय, पार्श्वसंगीत आपल्याला कधी रडायचं ते आधीच कळवतं. हे माझं मत आजही बदललेलं नाही.

पण आमच्या सोसायटीतल्या एक काकू भिशीच्या अकराजणींबरोबर गेल्या होत्या. म्हणाल्या, ‘छान होता.’ आता मी शहाणा झालो होतो. विचारलं, ‘काकू, कुठे छान वाटला?’ त्या जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, ‘कुठे म्हणजे... इंटरव्हलला.’ (हशा) मीही हसलो. त्या म्हणाल्या, ‘हसू नका. इंटरव्हलला मी बाहेर आले आणि धाकट्या बहिणीला फोन लावला. आईच्या फ्लॅटवरून आम्ही सहा वर्षं बोललो नव्हतो.’

आता या मतापुढे माझे तीन तारे काय करणार? इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात आणि आपण त्या नेहमी एकत्र करतो. सिनेमा चांगला आहे का, हा एक प्रश्न. सिनेमाने कुणाचं काही चांगलं केलं का, हा दुसरा. काकूंना फोन लावावासा वाटला म्हणून पटकथेतले कच्चे दुवे पक्के होत नाहीत. आणि पटकथा कच्ची आहे म्हणून काकूंचा फोन खोटा ठरत नाही. समीक्षक पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि दुसऱ्याकडे नाक मुरडतो. प्रेक्षक दुसऱ्याचं उत्तर देतो आणि त्याला वाटतं, पहिल्याचंही दिलं. दोघांनी एकमेकांचं ऐकलं असतं तर एक तिसरी गोष्ट कळली असती. त्या बायका आपल्याच पैशांनी, आपल्याच मैत्रिणींबरोबर, आपल्या वयाच्या बायकांची गोष्ट बघायला निघाल्या होत्या आणि अशी गोष्ट मोठ्या पडद्यावर त्यांना फार क्वचित मिळते. म्हणून ‘कुठे’च्या जोडीला मी आणखी एक प्रश्न विचारायला लागलो: ‘कोणाबरोबर बघितला?’ एकटीने, दुपारी, मोबाइलवर बघितला असता तर काकूंचं मत तेच राहिलं असतं का? मला नाही वाटत.

आता तिसरं मत. ‘शेवट नाही पटला.’ इथे थोडं थांबावं लागेल, कारण माझी खरी अडचण इथे आहे.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चा शेवट तुम्हाला माहीत आहे. जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो आणि तो दगड थेट आपल्याकडे, पडद्याबाहेर येतो. अंधार. २०१४ मध्ये तो पाहून उतरताना जिन्यावर बरेच लोक म्हणत होते, ‘शेवट कळला नाही.’ मला ते खरं वाटलं नाही. कळला नाही म्हणणारे सगळे जरा गप्प गप्प होते. जो शेवट खरंच कळत नाही त्याबद्दल लोक मोठ्याने बोलतात, एकमेकांना विचारतात. इथे दगड लागलेला होता आणि कुठे लागला ते सांगायचं नव्हतं.

दोन वर्षांनी, २९ एप्रिल २०१६ला, ‘सैराट’ आला. मी तो मे महिन्यात, एका तालुक्याच्या गावी, पडदा एकच असलेल्या जुन्या थिएटरात पाहिला. हाउसफुल्ल. ‘झिंगाट’ लागलं तेव्हा पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत पोरं नाचत होती. बाल्कनीतले बापेही टाळ्या वाजवत होते. तुम्ही लक्षात घ्या, या सिनेमातली सगळी गाणी मध्यंतराच्या आधी संपतात. मग आर्ची आणि परश्या हैदराबादला पोचतात, झोपडपट्टीत राहायला लागतात आणि संगीत निघून जातं. ट्रॅक्टर चालवणारी, बुलेट फिरवणारी आर्ची इथे वासाने हैराण होते, घरच्या आठवणीने रडते. परश्या संशय घेतो, हात उगारतो. लोक म्हणतात, ‘दुसरा हाफ संथ आहे.’ हो, आहे. कारण पहिल्या हाफमध्ये आपण जे बघत होतो तो सिनेमातला सिनेमा होता. दुसऱ्यात संसार आहे.

आणि शेवट. माहेरची माणसं भेटी घेऊन येतात, आर्ची त्यांच्यासाठी चहा करते. छोटा मुलगा शेजारणीबरोबर बाहेर गेलेला असतो. तो परत येतो, दारातून आत जातो, रडत बाहेर येतो. आवाज बंद झालेला आहे. जमिनीवर रक्तात उमटलेली त्याची पावलं.

त्या थिएटरातही कुणी हूं की चूं केलं नाही. दिवे लागले. मी नेहमीप्रमाणे दाराशी रेंगाळलो. माझ्याच वयाचा एक माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, बरोबर मित्र आणि मागे पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी. मित्र म्हणाला, ‘शेवट नव्हता पाहिजे असा.’ तो माणूस म्हणाला, ‘वाईट झालं. पण पोरीनं घराचं नाक कापल्यावर दुसरं काय होणार?’ मित्राने मान हलवली. मुलगी खाली फरशीकडे बघत होती.

मंडळी, याच माणसाला मी ‘झिंगाट’ला टाळ्या वाजवताना पाहिलं होतं. तो माझ्या दोन रांगा पुढे होता.

मी काही बोललो नाही. घरी आलो आणि शनिवारसाठी परीक्षण लिहिलं. त्यात छायाचित्रणावर लिहिलं, शेवटच्या नीरवतेवर दोन परिच्छेद लिहिले, अजय-अतुलच्या संगीतावर लिहिलं. चार तारे दिले. त्या माणसाचं वाक्य मात्र लिहिलं नाही. मला वाटलं, हे प्रेक्षकाचं मत आहे, यात सिनेमाचं काही नाही. आज मला वाटतं, त्या आठवड्यात ‘सैराट’बद्दल लिहिण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट ते वाक्यच होतं आणि मी ते टाळलं.

का ते सांगतो. तो सिनेमा नेमका त्याच माणसासाठी बांधलेला आहे. आधी त्याला गाण्यांनी आपल्या बाजूला घेतलं, दोन पोरांच्या प्रेमात पाडलं, टाळ्या वाजवायला लावलं. मग गाणी काढून घेतली आणि विचारलं, आता सांग, तू कोणाचा? त्याने उत्तर दिलं. त्याचं उत्तर भयंकर होतं, पण ते प्रामाणिक होतं आणि ते त्याच्या तोंडून सिनेमाने वदवून घेतलं होतं. सिनेमाने त्याला पकडून माझ्यासमोर उभं केलं आणि मी त्याला जाऊ दिलं.

मी काय करायला हवं होतं? भांडण? कदाचित. पण निदान ‘कुठे?’ हा प्रश्न तरी विचारायला हवा होता. ‘दादा, तुम्ही टाळ्या वाजवत होतात. मग त्या दोघांची बाजू सोडून तुम्ही घराच्या बाजूला कुठे गेलात? विहिरीपाशी? पळून गेले तिथे? की दारात भेटी घेऊन माणसं आली तेव्हा?’ त्याच्याकडे उत्तर नसतं, तरी मागे उभ्या असलेल्या मुलीने कुणीतरी असा प्रश्न विचारू शकतं एवढं तरी ऐकलं असतं.

इथे एक तुलना करून बघा. २०१८ मध्ये याच गोष्टीवर ‘धडक’ हा हिंदी सिनेमा आला. गोष्ट उदयपूरला नेली आणि शेवटही बदलला. तिथे मुलगा आणि बाळ मारले जातात, मुलगी वाचते. ‘शेवट पटला नाही’ म्हणणाऱ्यांना तो जास्त पटला का? मला तसं कुणी भेटलं नाही. कारण कोण मेलं एवढाच शेवट नसतो. ‘धडक’मध्ये कॅमेऱ्यासमोर एक हंबरडा फोडणारा चेहरा उरतो, आपण त्या चेहऱ्याची कीव करतो आणि उठतो. ‘सैराट’मध्ये दीड-दोन वर्षांचं पोर उरतं. त्याला झालेलं काहीच कळलेलं नाही. आता त्याला उचलून घेणार कोण? पडद्यावर कुणी उरलेलं नाही. उरलोय ते खुर्चीतले आपण. ‘शेवट नव्हता पाहिजे असा’ म्हणणारा तो मित्र खरं तर हेच म्हणत होता, की हे मूल माझ्या अंगावर टाकू नका.

म्हणजे बघा, ‘पटला नाही’ याचेही दोन अर्थ. एक, गोष्टीच्या ओघात हा शेवट बसत नाही, ओढून आणलाय. ही सिनेमाबद्दलची तक्रार. दुसरा, शेवट बरोबर बसतो पण मला तो सोसत नाही. ही आपल्याबद्दलची माहिती. दोन्ही मोलाचे आहेत. फक्त दुसऱ्याला पहिल्याचे कपडे घालू नयेत.

आता, हे मत ज्याच्याकडे जाऊन पोचतं त्याचाही विचार करू. ताम्हाणे यांचाच ‘द डिसायपल’ २०२१ मध्ये घरबसल्या बघायला मिळाला. शास्त्रीय गाण्यासाठी आयुष्य घालवलेला शरद नेरुळकर. त्याच्या गाण्याच्या व्हिडिओखाली अनोळखी लोकांनी जे लिहिलंय ते तो वाचत बसतो. दुसऱ्या एका प्रसंगात दुर्मिळ ध्वनिमुद्रणं जमवणारा एक जाणकार त्याच्या पूज्य माईंबद्दल वाटेल ते बोलतो. शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो आणि निघून जातो. आणि त्याच सिनेमात त्याचे गुरुजी आहेत. ते शिकवताना त्याला मध्येच थांबवतात, दुरुस्त करतात, पुन्हा म्हणायला लावतात. तीन प्रकारची मतं एकाच माणसावर येऊन पडतात. खालचे शेरे त्याला काहीच शिकवत नाहीत, नुसते खुपतात. जाणकाराचं बोलणं खरंही असेल, पण ते त्याची श्रद्धाच पाडून टाकतं. गुरुजींचं बोलणं कडक असतं तरी घेता येतं, कारण ते जागेवर बोट ठेवतात. इथे, या स्वरावर, पुन्हा म्हण. कलाकाराच्या उपयोगी पडतं ते हेच मत.

व्यवहाराचंही थोडं बोलतो. आपल्या मराठी सिनेमाला थिएटरात वेळ मिळवायला किती झगडावं लागतं ते तुम्ही जाणता. एप्रिल २०१५ मध्ये, म्हणजे ‘कोर्ट’ लागला त्याच महिन्यात, मल्टिप्लेक्सने मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवावेत असं राज्य सरकारने जाहीर केलं. त्यावर मोठा वाद झाला आणि नंतर ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. नियम काहीही असो, शुक्रवार ते रविवार लोक काय बोलले त्यावर सोमवारचे खेळ ठरतात. ज्या सिनेमाची मोठी जाहिरात परवडत नाही त्याला तर आपल्या तोंडच्या त्या तीन शब्दांवरच जगायचं असतं. ‘एकदा बघायला हरकत नाही’ असं आपण सहज म्हणतो. ऐकणारा त्याचा अर्थ लावतो, ‘मग घरी येईल तेव्हा बघू.’ आणि तो सिनेमा गुरुवारी उतरतो. कुणावर दया करून खोटं चांगलं बोला असं मी म्हणत नाही. फक्त तीन शब्दांच्या जागी तेरा बोला. ‘पहिला अर्धा तास धीर धर, बापलेकाच्या भांडणापासून धरतो’ हे ऐकून माणूस निदान ठरवू तरी शकतो.

तर माझं एवढंच म्हणणं आहे. सहज दिलेलं मत हलकं नसतं, ते अर्धवट असतं. ते पूर्ण करायला पदवी लागत नाही. पुढच्या वेळी कुणी ‘बरा होता’ म्हणालं, तर त्याला विचारा: कुठे? कोणाबरोबर बघितलास? आणि त्या जागी तुला काय व्हायला हवं होतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस सिनेमाबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोलतो. ते ऐकून घ्या. पटलं नाही तर तिथेच सांगा, माझ्यासारखं घरी जाऊन छायाचित्रणावर लिहू नका.

(प्रश्नोत्तरांतून निवडक)

एका विद्यार्थिनीचा प्रश्न: सर, प्रत्येक वेळी असं कुठे-कोणाबरोबर विचारत बसलं तर सिनेमाची मजा नाही का जाणार?

उत्तर: सिनेमा चालू असताना विचारलंत तर नक्की जाईल, शेजारचेही ओरडतील. (हशा) संपल्यावर विचारा. आपण जेवण झाल्यावर ‘आमटीत आज काय घातलं होतंस?’ असं विचारतोच की. त्याने चव जात नाही. उलट पुढच्या वेळी जिभेला जास्त कळतं.

एका ज्येष्ठ श्रोत्यांचा प्रश्न: तुम्ही म्हणता त्या गृहस्थांना आज भेटलात तर काय बोलाल?

उत्तर: खरं सांगू? मला भीती वाटेल. तेव्हाही वाटली होती. सौजन्य वगैरे नव्हतं ते. गाव त्यांचं होतं आणि मी पाहुणा. पण त्यांच्यापेक्षा मला ती मुलगी जास्त आठवते. आता ती चोविशी-पंचविशीची असेल. तिला तो सिनेमा कसा वाटला, हे त्या संध्याकाळी कुणीच विचारलं नाही. वडिलांनी नाही, त्यांच्या मित्राने नाही आणि तिथेच चपलेचा बंद नीट करत उभ्या असलेल्या समीक्षकानेही नाही.